तोफेवर वाकलेला माणूस

बाबांची फाउंड्री बंद पडली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बर्मिंगहॅममध्ये त्या काळात इतके कारखाने बंद पडले की लोकांनी एकमेकांना विचारायचंच सोडून दिलं. सकाळी सहाला आमच्या रस्त्यावरून बुटांचा जो आवाज जायचा तो थांबला, एवढंच. बाबा मोल्डर होते. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, निवल्यावर वाळू फोडून माल बाहेर काढायचा. मुंबईला परळच्या एका कारखान्यात ते हे काम शिकले आणि इथे येऊन वर्षानुवर्षं तेच केलं.

घरात आम्ही तिघंच. आई घरी शिलाई करायची. आठवड्यातून दोनदा एक व्हॅन यायची, पँटींचे गठ्ठे टाकून जायची, आणि आई त्यांना झिपा बसवायची. बाबांचं काम गेल्यावर गठ्ठे दुप्पट झाले. पुढची खोली पँटींनी भरली, म्हणून आम्ही किचनमध्येच राहायचो. हीटर एकच, पॅराफिनचा, म्हणजे रॉकेलचा, तोही किचनमध्ये. माझ्या शाळेच्या कार्डिगनला त्याचा वास बसला होता आणि शेजारची मुलगी बाकावर जरा सरकून बसायची. लपवण्यासारखं त्यात काही नाही, होतं ते होतं.

बाबांना रिकामं बसता यायचं नाही. ते आईच्या कात्र्यांना रोज धार लावायला लागले. चार दिवसांनी आईने कात्र्या लपवल्या. म्हणाली, कापडाच्या आधी माझी बोटं कापली जातील. मग ते हात गुडघ्यांवर ठेवून खिडकीपाशी बसायचे. ते हात मी अजून विसरलेली नाही. भाजल्याच्या गुळगुळीत खुणा होत्या त्यांच्यावर, आणि करायला काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र ते रोज बोलायचे. माझी मुलगी डिग्री घेणार. त्यांच्या वडिलांना गावच्या शाळेत वर्गाबाहेर, चपलांपाशी बसवलं होतं. बाबा स्वतः सातवीपर्यंत शिकले. आता पाळी माझी होती. रविवारी एका घराच्या पुढच्या खोलीत आमचा विहार भरायचा. वंदना झाली, चहा आला, की बाबा जो भेटेल त्याला हे सांगायचे. मी तेव्हा सेकंडरी शाळेच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला फ्रॅक्शन्स येत नव्हते. एक काका मला चिडवायचे, "काय पदवीधर, बिस्किटं आण जरा." पण बाबा हसायचे नाहीत. बाकी सगळं गेलं तरी चालेल, पण ही डिग्री हातची जाता कामा नये, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि माझ्याही मनात ते पक्कं बसलं.

दीड वर्षाने त्यांना काम मिळालं ते एका लहान म्युझियममध्ये. अटेंडंट. गडद निळा युनिफॉर्म, टोपी, आणि दिवसभर उभं राहायचं. पँट आईने घरीच आखूड करून दिली. त्यांना आरशासमोर उभं करून म्हणाली, "अहो, दिसताय अगदी साहेबासारखे. पण साहेब लोक बसलेले असतात."

त्यांना वरच्या मजल्यावरची लांबट खोली मिळाली. तिथे कुणी फारसं यायचं नाही. काचेच्या कपाटांत तलवारी, पट्टे, बटणं, आणि समोरची अख्खी भिंत भरून एक चित्र: वॉटर्लूची लढाई. चित्रकार काही फार मोठा नव्हता. इंग्लंडमध्ये त्या लढाईनंतर कितीतरी वर्षं अशी चित्रं निघत होती. लोक शिलिंग देऊन ती बघायला रांगा लावायचे आणि त्यांच्या छापील प्रती घरी नेऊन भिंतीवर लावायचे. हे मला पुढे कळलं. तेव्हा मला दिसला तो नुसता धूर. पिवळट, करडा, खालून वर चढत गेलेला धूर आणि त्यातून मधे मधे वर आलेली माणसं, घोडे, झेंडे.

शनिवारी आई व्हॅनवाल्याच्या फॅक्टरीत काम करायची, म्हणून मला बाबांबरोबर जावं लागायचं. चित्रासमोर एक बाक होता, त्यावर मी होमवर्क करायची. बाबांची अट एकच. कामाच्या वेळेत मी त्यांची मुलगी नाही, व्हिजिटर. ते माझ्या समोरून जायचे आणि माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. एकदा माझी पेन्सिल घरंगळत गेली तर त्यांनी ती उचलली आणि "युवर पेन्सिल, मिस," म्हणून हातात दिली. मीही "थँक यू" म्हटलं. चेहरा दोघांनीही हलू दिला नाही.

दुसरी अट म्युझियमची होती. अटेंडंटने चित्रांबद्दल बोलायचं नाही. टॉयलेट कुठे, जिना कुठे, बंद कधी होणार, एवढंच सांगायचं. चित्राबद्दल कुणी विचारलं तर खाली डेस्कवर पाठवायचं. बाबांनी हा नियम कधी मोडला नाही. नवीन नोकरी, काळा माणूस, पन्नाशीला आलेला. नियम मोडणं त्यांना परवडणारं नव्हतं.

पण चहाच्या सुट्टीत तळघरातल्या खोलीत आम्ही परत बापलेक व्हायचो. तिथे आमचा एक रिवाज पडला. चहा ओतला की ते विचारायचे, "बोल, आज काय नवीन दिसलं?" दर शनिवारी चित्रातली एक तरी गोष्ट सांगायची, जी आधी सांगितलेली नाही. मी एक, ते एक. मी सांगितलं, डावीकडे खाली चिखलात एक ढोल उलटा पडलाय. ते म्हणाले, घोडे बघ कसे पळतात. चारही पाय एकदम पसरलेले, पुढचे पुढे, मागचे मागे. असा घोडा पळत नाही, असा घोडा पोटावर पडेल. पुढे कॉलेजात शिकले, की फोटोग्राफी येईपर्यंत बहुतेक चित्रकार घोडा तसाच काढायचे, कारण धावत्या घोड्याचे पाय डोळ्यांना धरताच येत नाहीत. बाबा गावी टांगा जुंपायचे, त्यांना ते न शिकताच माहीत होतं.

एकदा फॅक्टरीला सुट्टी होती तेव्हा आईही आली. बाकावर बसली, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं दमली असेल. चहाच्या वेळी म्हणाली, तुम्ही सांगता ना आदल्या रात्री पाऊस पडला होता, सगळा चिखल झाला होता, मग यांच्या विजारी इतक्या पांढऱ्या कशा? आणि हे लाल कोट. लाल रंग पावसात उतरतो. या पांढऱ्या पट्ट्यांवर गुलाबी ओघळ दिसायला हवेत. "यांच्या बायका धुणं करत असतील ना, त्यांना विचारायला हवं होतं चित्रकाराने," ती म्हणाली. बाबा इतके हसले की चहा सांडला. काम गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा बघितलं.

असे शनिवार सहा वर्षं चालले. सहा वर्षं एकच चित्र, आणि ते संपलं नाही.

चित्राच्या बरोबर मधोमध, अगदी पुढे, एक तोफ होती. पितळी रंगाची, एका चाकावर कललेली. तिच्या मागच्या टोकावर एक गोलंदाज वाकला होता. डोक्यावर टोपी नाही, तोंड दारूच्या धुराने काळं, बाहीवर रक्त. तोफेच्या तोंडाकडे सगळा धूर होता. पहिल्याच शनिवारी बाबांनी मला चित्राखालची पितळी पाटी वाचायला सांगितली होती. त्यांचं इंग्लिश बोलणं चालायचं, वाचणं अडखळायचं. पाटीवर कोरीव अक्षरांत लिहिलं होतं ते मी त्यांना मराठीत सांगितलं: मरता मरता आपल्या तोफेला मिठी मारणारा गोलंदाज. बाबांनी चित्राकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि "असं होय," म्हणाले. त्या माणसाबद्दल ते चहाच्या वेळी कधीच काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना वाईट वाटत असेल.

ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, झाल्यावर मी हिस्टरी ऑफ आर्ट घेतलं. विहारातल्या काकांना झटका बसला. फार्मसी का नाही, अकाउंटन्सी का नाही, चित्रं बघायला डिग्री लागते का. बाबांनी त्यांना शांतपणे सांगितलं की डिग्री ती डिग्री. घरी आल्यावर मात्र मला विचारलं, "नक्की देतात ना गं याची? गाऊन घालून?" मी म्हटलं, देतात. त्यांना तेवढं पुरे झालं. कौन्सिलची ग्रँट मिळाली आणि मी दुसऱ्या गावी युनिव्हर्सिटीत गेले.

तिथे माझ्यासारखी मीच. बाकीच्यांनी लहानपणी सुट्टीत पॅरिसची म्युझियम्स पाहिली होती. ट्यूटरना सगळे नावाने हाक मारायचे. मला तीन वर्षांत ते जमलं नाही, मी दर वेळी "एक्सक्यूज मी" म्हणून सुरुवात करायची. पहिल्या वर्षी मी एका पेपरात नापास झाले आणि पुन्हा बसले. घरी सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी डिझर्टेशन, म्हणजे स्वतःच्या विषयावरचा मोठा प्रबंध, होतं आणि ते चुकलं तर डिग्री जाईल अशी मला भीती होती. नुसती पासची डिग्री कदाचित तरीही मिळाली असती, पण पहिल्या वर्षी नापास झाल्यापासून मला कशाचीच खात्री वाटत नव्हती.

विषय मी डोळे मिटून निवडला. वॉटर्लूच्या चित्रांमधला साधा सैनिक. मोठमोठ्या चित्रांत सेनापती मध्यभागी, पांढऱ्या घोड्यावर, हात वर केलेला. साधा शिपाई कडेला, बहुतेक वेळा मेलेला. आमच्या चित्रात मात्र मध्यभागी एक साधा गोलंदाज होता. माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं होतं: या चित्रकाराने साध्या माणसाच्या मरणाला जागा दिली, हे शोकाचं चित्र आहे. चार चॅप्टर्सपैकी सगळ्यात मोठा चॅप्टर त्या मिठीवर होता. ट्यूटरना तो आवडला होता.

ईस्टरच्या सुट्टीत मी टाइप केलेला मसुदा घरी घेऊन आले. देण्याची तारीख तीन आठवड्यांवर होती. रविवारी जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, वाच. मी म्हटलं, इंग्लिश आहे, कंटाळाल. "मराठीत सांगत सांगत वाच, लहानपणी वाचायचीस तशी." आईने मशीन बंद केलं. मी वाचायला लागले. तोफेच्या चॅप्टरला आले तेव्हा माझा आवाज जरा चढला असेल, कारण त्या भागाचा मला अभिमान होता. वाचून झालं. आई म्हणाली, छान आहे.  बाबांचे हात परत गुडघ्यांवर होते.

मग म्हणाले, "तो मरत नाहीये, बाळा."

मला कळलंच नाही.

"तो काम करतोय. त्याचा उजवा अंगठा बघितलायस का तू? तोफेच्या मागच्या, बत्ती द्यायच्या भोकावर दाबून धरलाय. आणि पुढे धुरात दोन हात आहेत, एका दांड्याला धरलेले. तोफ भरतायत ते."

मी म्हटलं, कुठले हात, धुरात काही नाही. ते म्हणाले, आहेत, मनगटापर्यंत दिसतात. मी नऊ वर्षं बघतोय.

मग त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली आडवी धरली आणि मला समजावलं. तोफ नुकतीच उडालेली असते, आत निखाऱ्याचे कण राहिलेले असतात. त्यात कुणी पुढून दांडा घातला की आतली हवा मागच्या भोकातून जोरात बाहेर पडते. भात्यासारखी. निखारा फुलतो आणि नवीन दारू तिथल्या तिथे पेटते. म्हणून मागचा माणूस भोक बंद करतो, पुढच्याचं काम होईपर्यंत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साच्यातून हवा कशी निघते, कुठे कोंडते, कोंडली की काय होतं, हे त्यांनी आयुष्यभर हातांनी केलं होतं.

"त्याने अंगठा उचलला, तर समोरच्याचे हात जातील," ते म्हणाले. "तोफ तापलेली असणार. भाजत असेल त्याला. म्हणून तो असा वाकलाय, दात आवळून. मिठी नाही ती."

फाउंड्रीत मोठी लेडल, म्हणजे लोखंड ओतायची कढई, दोघांनी उचलायची असते, पालखीसारखी, एक पुढे एक मागे, आणि मधे वितळलेलं लोखंड. बाबांचा जोडीदार जमैकाचा होता. एकाने सोडलं तर दुसरा भाजून निघणार. दोघांनी बारा वर्षं एकदाही सोडलं नाही. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी बाबांनी त्याचं नाव काढलं नाही आणि काढायची गरजही नव्हती.

मला राग आला. खरं सांगायचं तर रडूच आलं. मी विचारलं, इतकी वर्षं तुम्हाला हे दिसत होतं, दर शनिवारी आपण एकेक गोष्ट सांगत होतो, मग बोलला का नाहीत?

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू उत्तर उघड आहे.

"तू वाचून दाखवलंस ना. लिहिलेलं होतं तिथे."

आई म्हणाली, "अहो, दर रविवारी विहारात सांगता लोकांना, लिहिलंय म्हणून मानू नका, आपल्या बुद्धीला पटेल तेच माना."

"ते पोथ्यांबद्दल," बाबा म्हणाले. "हे म्युझियमचं आहे. शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं. आणि माझ्या मुलीने वाचलेलं."

 हजारो वर्षांच्या पोथ्यांना न भ्यालेला माणूस एका हातभर पितळी पाटीसमोर गप्प बसला होता. ती पाटी इंग्लिशमध्ये होती आणि ती वाचणारी त्यांची मुलगी होती, म्हणून. आमच्या घरात छापलेल्या अक्षराला पाय लागला तर आम्ही पाया पडायचो, जाहिरातीचा कागद असला तरी. असा आदर एखादी गोष्ट किती वर्षं दाबून धरू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. मी तीन वर्षं चित्रं कशी बघायची ते शिकत होते, आणि मीसुद्धा चित्राऐवजी पाटी बघितली होती.

मंगळवारी त्यांची सुट्टी होती. आम्ही दोघं बसने म्युझियमला गेलो. बाबांनी सूट घातला, चौदा एप्रिलला घालतात तो. दारावर त्यांचे सहकारी होते, एक म्हातारे आयरिश गृहस्थ. त्यांनी बाबांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, चित्र विकत घ्यायला आलास की काय. बाबा म्हणाले, नाही, फक्त बघायला.

वर गेल्यावर मी अगदी जवळ गेले. दोरीच्या वरून वाकता येईल तेवढं वाकले. धुरात, करड्यावर करडा, दोन हात होते. मनगटाच्या वर काही नाही, सगळं धुरात गेलेलं, पण बोटं दांड्याभोवती आवळलेली आणि नखांपाशी पांढरा रंग. आणि इकडे अंगठा. त्यावर चामड्याची लहानशी टोपी होती. मी ती बाहीची सावली समजत आले होते.

बाबांनी मला तोफेच्या मागे उभं केलं, म्हणजे जिथे तोफ आहे असं धरलं तिथे. स्वतः पुढे उभे राहिले आणि दांडा आत सरकवल्यासारखं केलं. म्हणाले, दाब. मी अंगठा हवेत दाबून धरला. म्हणाले, आता माझ्याकडे बघू नकोस, भोकाकडे बघ. मी वाकले. माझं डोकं आपोआप त्या माणसासारखं खाली गेलं.

दाराशी एक बाई दोन मुलांना घेऊन थांबली होती. ती आमच्याकडे बघून हसली आणि तिने बाबांना विचारलं की हे काय चाललंय, तुम्हाला या चित्राबद्दल माहिती आहे का. सवयीने बाबांचा हात जिन्याकडे गेला, डेस्क खाली आहे असं सांगायला. मग तो हात थांबला.

"टुडे इज माय डे ऑफ," ते म्हणाले. "आय कॅन टेल यू."

आणि त्यांनी सांगितलं. वीस मिनिटं. अडखळत, क्रियापदं चुकवत, पण एकही गोष्ट न सोडता. घोड्यांचे पाय, आईच्या पांढऱ्या विजारी, उलटा ढोल, आणि शेवटी तो अंगठा. धाकटा मुलगा तोफेच्या मागे जाऊन अंगठा दाबून उभा राहिला. मी बाकावर बसले होते. व्हिजिटरसारखीच, पण या वेळी मला चेहरा सरळ ठेवता आला नाही.

परत गेल्यावर मी ट्यूटरना सगळं सांगितलं.  त्यांनी मला साफ सांगितलं. आहे तसं दिलंस तर पास होशील, बहुधा चांगली होशील. बदललंस आणि उरलेल्या दिवसांत पुरावा नाही मिळाला तर मधला चॅप्टर कोसळेल आणि त्याच्याबरोबर बाकीचं. शेवटी विचारलं, यासाठी सोर्स काय आहे तुझा?

"माझे वडील," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. म्हणाले, मला त्यांचं पटतंय, पण परीक्षकांना कागद लागतो. शोध.

मी घरी फोन केला. आईने उचलला. मी दोन्ही वाटा सांगितल्या आणि म्हटलं, बाबांना विचार, डिग्री गेली तर. मागून बाबांचा आवाज आला, आधी नाही म्हणाले, आहे तेच दे, धोका नको. माझ्यामुळे तिची डिग्री जायला नको. आई फोनमध्ये न बोलता त्यांच्याशी बोलली, पण मला ऐकू आलं. ती म्हणाली, "अहो, खोटं लिहून डिग्री घेतली तर ती कुणाची?"  मग बाबा स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, "दोन हात आहेत तिथे. ते लिही."

लायब्ररीच्या तळघरात मला त्या काळच्या तोफखान्याच्या कवायतीचं पुस्तक मिळालं. तोफेभोवतीच्या प्रत्येक माणसाचं काम त्यात नेमून दिलं होतं. एकाचं काम एवढंच: दांडा आत असेपर्यंत भोक अंगठ्याने बंद ठेवणं. बाबांनी बाटली धरून सांगितलं होतं ते तसंच्या तसं, फक्त इंग्लिशमध्ये. मग लंडनला जाऊन मी या चित्राची जुनी छापील प्रत बघितली. अशा प्रतींबरोबर एक नकाशा द्यायचे, चित्राची नुसती बाह्यरेषा आणि त्यावर नंबर, कुठला अधिकारी कुठे आहे ते ओळखायला. सगळ्या साहेबांना नंबर होता. एका साहेबाच्या घोड्याचंही नाव दिलं होतं. तोफेवरच्या माणसाला नंबर नव्हता आणि तो मरतोय असंही कुठे म्हटलेलं नव्हतं. ते मरण पुढे कधीतरी, पाटी करणाऱ्याने त्याला दिलं होतं.

मी चॅप्टर नव्याने लिहिला. या चित्रकाराने साध्या माणसाचं मरण नाही, त्याचं काम मध्यभागी ठेवलं, असं लिहिलं. शोकाचं चित्र म्हणून त्याची कीव करणं सोपं होतं. पण तो कीव करण्याच्या अवस्थेत नव्हता, तो दुसऱ्याचे हात वाचवत होता. शेवटचे चार दिवस मी कॉम्प्युटर रूममध्येच होते. तळटिपेत कवायतीच्या पुस्तकाच्या आधी मी लिहिलं: हे निरीक्षण प्रथम या दालनाच्या अटेंडंटने केले, जे पूर्वी फाउंड्रीत मोल्डर होते. ट्यूटरनी ती तळटीप तशीच राहू दिली.

म्युझियमलाही मी पत्र पाठवलं. उत्तर नम्र होतं. दालनाची दुरुस्ती होईल तेव्हा पाटीचा विचार करू, असं त्यात लिहिलं होतं. बाबा निवृत्त होईपर्यंत तरी ती दुरुस्ती झाली नाही. पण त्यांनी एक बदल स्वतःपुरता करून घेतला. कुणी चित्राबद्दल विचारलं की ते डेस्कवर पाठवायचे, आणि पाठवताना हळूच म्हणायचे, जाण्याआधी त्याचा अंगठा बघा.

निकाल जूनमध्ये एका लाकडी बोर्डावर लागला. मी यादी खालून वर वाचत गेले, पहिल्या वर्षापासूनची सवय. माझं नाव वरून तिसऱ्या ओळीत होतं. अपर सेकंड, म्हणजे वरचा दुसरा वर्ग. मी कोपऱ्यावरच्या फोन बॉक्समधून घरी फोन केला. बाबांनी विचारलं, जेवलीस का.

समारंभाला ते दोघं आले. मी गाऊन घातला होता. मी बी.ए. झाले. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घराण्यांत डिग्री घेतलेली मी पहिली.